जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपची निवड, देखभाल आणि खर्चाचा हिशेब

सह्याद्रीच्या पट्ट्यात भोर, मुळशी, अकोले, जव्हार, मोखाडा, चंदगड या तालुक्यांत अशा कितीतरी वाड्या आहेत, की जेथून पावसाळ्यात माल बाहेर काढणे हे पीक घेण्याइतकेच अवघड काम असते. ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, पण ती चढाला हळू चालते आणि दूरच्या बाजारपेठेला नेणे परवडत नाही. नवीन फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे दहा, पंधरा, वीस वर्षे वापरलेली जीप किंवा पिकअप घेण्याकडे अनेक शेतकरी बंधूंचा कल असतो. पुढे वर्षभरात तक्रार ऐकू येते, ती अशी: गाडी स्वस्त मिळाली, पण परवडली नाही.

असे होण्याचे कारण म्हणजे खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो. साध्या गाडीच्या मानाने या गाडीला एक जादा आस, एक जादा प्रोपेलर शाफ्ट आणि एक जादा गिअर पेटी असते. हे जादा भाग वर्षातील दहा महिने पडून राहतात आणि पडून राहिल्यानेच खराब होतात. उरलेले दोन महिने ते चुकीच्या पद्धतीने वापरले जातात. म्हणून गाडी घेण्यापूर्वी तिची रचना थोडी समजून घेणे फायद्याचे ठरते.

रचना थोडक्यात

आपल्याकडील जुन्या जीपचा वंश विलीज जीपचा आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत या गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे इंजिने बदलली, डिझेल आले, पण ओढ देण्याची मूळ पद्धत तीच राहिली. गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. साध्या स्थितीत ती फक्त मागच्या चाकांना ओढ देते. लिव्हर टाकला की पुढच्या आसालाही ओढ मिळते. त्याच पेटीत जोर वाढवणारा 'लो' गिअर असतो. विलीज पद्धतीच्या पेटीत तो ओढ सुमारे अडीच पट करतो आणि तेवढ्याच प्रमाणात वेग कमी करतो.

यात एक बाब नीट समजून घ्यावी. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाच्या फिरण्यातील हा फरक सामावून घेणारी कोणतीही सोय नसते. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण दातांवर, शाफ्टवर आणि जॉइंटवर पडतो, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि लिव्हर अडकून बसतो. असा लिव्हर जोर लावून ओढू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, ताण सुटला की लिव्हर सहज निघतो. त्याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत. पुढे जुने गुळगुळीत व मागे नवे टायर बसवणे साध्या गाडीत चालून जाते, येथे त्याची किंमत ट्रान्सफर केसला मोजावी लागते.

दुसरा गैरसमज असा, की लिव्हर टाकला म्हणजे चारही चाके सतत ओढतात. साध्या डिफरन्शियलमध्ये प्रत्येक आसावरचे जे चाक मोकळे असते तेच गरगर फिरते. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक हवेत गेले, तर फोर-व्हील ड्राइव्ह असूनही गाडी जागची हलत नाही. आणि उतारावर ब्रेक लागण्याच्या बाबतीत ही गाडी इतर गाड्यांपेक्षा चांगली नाही, उलट वजनाने जड असते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरावे.

खरेदीपूर्वी तपासणी

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे. गरम इंजिन सहज सुरू होते आणि बरेच दोष झाकते. थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरट धूर येणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही तो येत राहिला, तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केट यांपैकी कशात तरी दोष आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर बहुधा अडलेल्या एअर क्लीनरचा किंवा खराब नोझलचा असतो, आणि तो तुलनेने स्वस्तात सुटतो. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून वाफेसारखा धूर ठोक्याठोक्याने बाहेर येत असेल तर बोअर आणि रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधासारखे दिसत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

त्यानंतर गाडीखाली जावे. अनेक जुन्या गाड्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट डिझेल वाचावे म्हणून काढून ठेवलेला असतो आणि पुढे तो विकलाही गेलेला असतो. 'फोर बाय फोर' असे मागे रंगवलेले असते, पण खाली शाफ्टच नसतो! शाफ्ट असला तरी ओढ पुढे पोहोचते का, हे तपासण्याची सोपी पद्धत आहे. गाडी सपाट व कठीण जागेवर उभी करावी, इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असल्यास ते लॉक करावेत. गिअर टाकून ठेवावा. मग पुढचे एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. ट्रान्सफर केसचा लिव्हर साध्या स्थितीत असताना ते चाक फिरले पाहिजे आणि त्याबरोबर पुढचा शाफ्टही फिरताना दिसला पाहिजे. लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर चाक थोड्या ढिलाईनंतर अडले पाहिजे. अडले नाही, तर हब, शाफ्ट, आसाचे दात किंवा ट्रान्सफर केस यांपैकी काहीतरी निकामी आहे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

चाक उचललेले आहेच, तर ते वर-खाली धरून हलवून पाहावे. खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे, तरीही राहिली तर किंगपिन झिजली आहे. बेअरिंग आवळणे हे तासाभराचे काम आहे, किंगपिनचे काम खर्चाचे आहे.

चासी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. इंजिन बांधून मिळते, चासी मिळत नाही. पाट्यांच्या शॅकलजवळ, स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर लहान हातोडीने टकटक करावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत गंज आहे. कोकणपट्टीतील आणि मासे वाहिलेल्या गाड्यांबाबत ही तपासणी अधिक बारकाईने करावी. ताजा काळा रंग पाहून समाधान मानू नये, उलट शंका घ्यावी.

नेहमी आढळणारे बिघाड

पुढचे चाक हलणे: ठराविक वेगाला, विशेषतः खड्ड्यातून गेल्यावर, पुढची दोन्ही चाके थरथरतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. जुन्या जीपचा हा जुनाच आजार आहे. मिस्त्री बहुधा लगेच स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगतो. परंतु आधी स्वस्त कारणे पाहावीत: टायरमधील हवा, चाकांचे बॅलन्सिंग, वाकडी रिम, चाकाचे बेअरिंग, टाय-रॉडचे टोक, मग किंगपिन, पाट्यांचे बुश आणि सर्वांत शेवटी स्टिअरिंग बॉक्स. या क्रमाने गेल्यास बऱ्याच वेळा मोठा खर्च टळतो. मात्र दोष न काढता गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे.

क्रॉस जॉइंट: गाडी सुटताना 'टक्' असा आवाज आला किंवा वेगात खालून थरथर जाणवली, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजले आहेत. क्रॉस हा फार महाग भाग नव्हे, पण तो तुटला तर सुटलेला शाफ्ट खाली आपटून ट्रान्सफर केस फोडू शकतो. ग्रीस गन घरी ठेवावी. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात सर्व निपलांना ग्रीस द्यावे. जुने, पाणी मिसळलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत द्यावे. एक-दोन पंप मारून उपयोग होत नाही.

आसात पाणी शिरणे: या बिघाडाची कल्पना फार थोड्यांना असते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. लांबून आलेल्या गाडीचा आस गरम असतो. ती ओढ्यात शिरली की आस एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आसावर हवा जाण्यासाठी एक लहानसा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजलेला असेल तर पाणी ऑइल सीलच्या बाजूने शिरते. हे पाणी तळाशी बसते, गिअर ऑइल दुधाळ होते आणि दोन-तीन महिन्यांत बेअरिंग व क्राउन-पिनियनवर गंजाचे डाग पडतात. पुढे हिवाळ्यात 'हूं' असा आवाज सुरू होतो, तेव्हा शेतकऱ्याला ओढा आठवतही नाही. उपाय साधा आहे. ओढ्यापूर्वी गाडी थोडी थांबवून आस निवू द्यावा, ब्रीदर साफ ठेवावा, आणि पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी आसाचा तळचा नट थोडा सैल करून पाहावा. आधी पाणी किंवा दुधाळ ऑइल आले तर ते सर्व काढून नवे भरावे. काही लिटर गिअर ऑइलचा खर्च क्राउन-पिनियनच्या जोडीपुढे काहीच नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर काही अंतर ब्रेक हलका दाबत जावे, म्हणजे ड्रम आतून कोरडे होतात. ओल्या ड्रमवर पहिल्या वळणाला भरवसा ठेवू नये.

ट्रान्सफर केसची गळती: जुन्या पेटीतून थोडे ऑइल पाझरणे फारसे चिंतेचे नाही, पेटी कोरडी पडणे चिंतेचे आहे. महिन्यातून एकदा पातळी पाहावी. काही जुन्या गाड्यांत दोन पेट्यांमधील सील झिजले की गिअर बॉक्सचे ऑइल ट्रान्सफर केसमध्ये जाते. एक पेटी रिकामी होते, दुसरी भरून वाहते, आणि मालक वाहणाऱ्या पेटीचे सील बदलत बसतो. म्हणून नेहमी दोन्ही पातळ्या एकत्र पाहाव्यात.

क्लच: चिखलात रुतल्यावर मोठ्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून गाडी उसळवणे हा क्लच प्लेट जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. चिखलात शिरण्यापूर्वीच गाडी उभी करून 'लो' टाकावा, दुसऱ्या गिअरमध्ये एका वेगाने बाहेर पडावे. रुतल्यानंतर लिव्हर शोधण्यात अर्थ नसतो. काळ्या मातीत तर टायरच्या खाचा चार फेऱ्यांत भरून जातात आणि मग फोर-व्हील ड्राइव्हही फारशी मदत करत नाही. अशा वेळी फावडे आणि दोन फळ्या जास्त कामाच्या.

डिझेलमधील पाणी, तुटलेले पाटे, जाम झालेले ब्रेक सिलिंडर हे दोष साध्या गाडीतही असतात. उंदीर मात्र विसरू नयेत. गोठ्याशेजारी महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची वायरिंग ते हमखास कुरतडतात.

गाडी वापरात नसली तरी महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून दोन-तीन किलोमीटर चालवावी. त्यामुळे पुढच्या आसातील ऑइल वरच्या दातांपर्यंत पोहोचते, सील सुकत नाहीत आणि लिव्हर गंजून बसत नाही.

खर्चाचा हिशेब

यंत्रांच्या खर्चाचे दोन भाग करतात. गाडी उभी असली तरी होणारा तो स्थिर खर्च आणि चालवल्यामुळे होणारा तो चालू खर्च. खालील आकडे नमुन्यादाखल आहेत, त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

समजा, गाडी २,५०,००० रुपयांना घेतली आणि पाच वर्षांनी १,५०,००० रुपयांना विकली. घसारा दरवर्षी २०,००० रुपये झाला. सरासरी गुंतवणूक २,००,००० रुपयांवर १० टक्क्यांनी व्याज २०,००० रुपये. पैसे स्वतःचे असले तरी व्याज धरावे, कारण तेच पैसे ठिबक संचात किंवा दुभत्या जनावरात घालता आले असते. विमा, कर, पी.यू.सी. यांचे १२,००० रुपये धरले, तर स्थिर खर्च वर्षाला ५२,००० रुपये होतो.

गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालली आणि लिटरला १० किलोमीटर गेली, तर डिझेल ६०० लिटर, म्हणजे ९० रुपयांच्या दराने ५४,००० रुपये. ऑइल, फिल्टर, ग्रीसचे ८,००० रुपये. चार टायरचा २४,००० रुपयांचा संच ४०,००० किलोमीटर टिकला, तर टायरची झीज ३,६०० रुपये. दुरुस्तीसाठी ४०,००० रुपये बाजूला ठेवले. चालू खर्च १,०५,६०० रुपये आणि एकूण १,५७,६०० रुपये. किलोमीटरला हा खर्च २६ रुपयांच्या थोडा वर जातो.

हीच गाडी फक्त ३,००० किलोमीटर चालली तर? स्थिर खर्च तोच राहतो. डिझेल २७,००० आणि टायर १,८०० रुपयांवर येतात. ऑइल मुदतीप्रमाणे बदलावेच लागते, त्यामुळे ८,००० कायम. दुरुस्ती ३०,००० धरली, तर एकूण १,१८,८०० रुपये, म्हणजे किलोमीटरला ३९ रुपये ६० पैसे. वापर निम्मा झाला, पण खर्च पाव भागानेच कमी झाला. आता भाड्याच्या पिकअपचा येण्या-जाण्याचा दर काढून याच्याशी ताडून पाहावा. ज्यांची वाट वर्षातून पंधरा-वीस दिवसच बंद असते, त्यांनी माल ट्रॅक्टरने मुख्य रस्त्यावर आणून पुढे भाड्याची गाडी लावणे बहुधा स्वस्त पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. जून ते ऑक्टोबर रोज दूध किंवा भाजीपाला बाहेर काढायचा असेल, तर मात्र फोर-व्हील ड्राइव्ह आपला खर्च भरून काढू शकते. अशा चार-पाच कुटुंबांनी मिळून एक चांगली गाडी घेतली तर आणखी उत्तम, फक्त ती चालवणारा एकच असावा.

पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा असतो. मालक गाडी विकतो तेव्हा त्याने पुढचे मोठे काम बहुधा टाळलेले असते. म्हणून हातातील सर्व रक्कम किमतीत घालू नये. किमतीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावी. २,५०,००० रुपये आहेत, तर २,००,००० रुपयांची गाडी पाहावी.

कागदपत्रे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास दंड वेगळा. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. तेव्हा चौदाव्या किंवा एकोणिसाव्या वर्षी गाडी विकायला निघालेल्या मालकाचा हेतू ओळखावा आणि हा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिन क्रमांक आर.सी.शी स्वतः जुळवून पाहावा. जुन्या जीपला दुसऱ्याच गाडीचे इंजिन किंवा लिलावातील फोर-व्हील आस बसवलेला आढळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि नोंद नसेल तर नूतनीकरण अडते, अपघातानंतर विम्याचा दावाही वादात सापडतो. बँकेचा बोजा उतरला आहे का, हे पाहावे. नमुना २९ व ३० भरून गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर बसवू नयेत. अपघात झाल्यास विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो.

पावसाळ्यापूर्वीची कामे, म्हणजे आसांचे व दोन्ही पेट्यांचे ऑइल, चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस, ब्रेक, क्रॉस आणि वायपर, एप्रिलमध्येच उरकून घ्यावीत. मे अखेरीस तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजला गर्दी असते आणि घाईत काम कच्चे होते. सुटे भाग आणायला जाताना जुना भाग नमुना म्हणून बरोबर न्यावा. एकाच नावाच्या जीपमध्ये वर्षागणिक क्रॉसचे, सीलचे आणि क्लच प्लेटचे माप बदललेले असते, आणि चुकीच्या मापाच्या भागासाठी शहराची दुसरी खेप पडते.